तिच्याच हातचा घास

धाकट्या दिराचा, महेशचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "वहिनी, सरिता गेली..." एवढंच तो बोलला. मागून त्यांच्या लेकीचं, गार्गीचं रडणं ऐकू येत होतं. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो सरिताचा नव्हता. आता या पोरीला भरवणार कोण?

गार्गीच्या मेंदूला जन्मतःच इजा झालेली. बसता येत नाही, बोलता येत नाही, गिळणंसुद्धा कष्टाचं. सरिता तिला मांडीवर तिरकी धरायची, हनुवटीला बोट लावायची आणि मऊ भात जिभेच्या कडेला ठेवायची. एका जेवणात अख्खी सकाळ जायची. आमच्यापैकी कुणी चमचा पुढे केला की पोर तोंड घट्ट मिटून घ्यायची. "नखरे बघा महाराणींचे! आईशिवाय चालतच नाही," सरिता हसायची. आम्हालाही तेव्हा कौतुकच वाटायचं.

आंबिवलीहून ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात ती एवढ्या वाढलेल्या पोरीला कडेवर न्यायची. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, तरी ही आपली जातेच आहे. "आल्या असल्या तर, वहिनी?" तिथे गार्गीचं वजन व्हायचं, औषधं मिळायची. तिला कडेवर घेऊन उभी असलेली बाई वाळत चाललीय, हे कुणाच्या नजरेला आलं नाही. शेवटी पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी लगेच दाखल व्हायला सांगितलं, पण वॉर्डात मुलीला ठेवायची सोय नव्हती. अशा मुलांना चार दिवस सांभाळणारी जागा कुठे आहे का, हे तिने प्रत्येक खिडकीवर विचारलं, आणि प्रत्येकाने तिला पुढच्या खिडकीकडे पाठवलं. "थोडं थांबते. महेशना भरवायला शिकवते, मग जाते," म्हणाली. गार्गीने त्याला शिकू दिलं नाही... आणि गाठ कुणासाठी थांबणार होती? अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आता गार्गीच्या नाकात नळी आहे. गेल्या आठवड्यात मी सरिताचा खुंटीवरचा, न धुतलेला गाऊन अंगात घातला आणि तिला मांडीवर घेतलं. तिने कुशीत नाक खुपसलं. तोंड उघडलं! एक घास गिळला. मला राहवलं नाही, "खाल्लास गं बाई," म्हणाले. माझा आवाज ऐकला मात्र, तोंड मिटलं ते मिटलंच.

तेव्हापासून तिला मांडीवर घेतलं की मी गप्प बसते. एक-दोन घास जातात. पण गाऊनला आता माझाच वास यायला लागलाय.