तोंडातल्या टाचण्या

सगळी गल्ली तिला टाचणी म्हणायची आणि तिला त्याचा राग नव्हता. अंगाने बारीक, बोलायला टोचरी, आणि कामाला लागली की ओठांत टाचण्यांची रांग. कपडा अंगावर चढवून बेतताना एक हात कापडावर, दुसरा खडूवर. मग टाचण्या ठेवायच्या कुठे? घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. कपडे दुरुस्तीला आणणाऱ्या बायका आरशासमोर उभ्या राहून सासूपासून सांधेदुखीपर्यंत सगळं ओकून टाकायच्या, आणि ती नुसतं "हं" करायची. तिच्या "हं"ला चढउतार होते, त्यामुळे समोरच्याला आपलं ऐकलं गेल्यासारखं वाटे. खरं तर तिचं सगळं लक्ष शिवणीवर असायचं. एक गिऱ्हाईक म्हणालंही होतं, "तुझ्याकडे बोललेलं बाहेर जात नाही बाई." त्यावर ती टाचण्या काढून म्हणाली होती, "बाहेर काय जाणार? आतच शिरत नाही."

त्या वर्षी थोरल्या मुलीचा शाळेचा स्कर्ट तिने कमरेत आत घेतला. काही दिवसांनी आणखी घेतला. वाढत्या वयाची पोर, आज वाळेल, उद्या भरेल, म्हणून शिवणीच्या आत जादा कापडाची भरपूर माया ठेवली आणि वरून टीप अशी मारली की आधीची खूण दिसू नये. पोर का वाळतेय, हे विचारायचं मात्र राहिलं.

थोरली एरवी कमी बोलायची. कपडा बेतताना मात्र, आई अगदी जवळ आणि तोंड आरशाकडे असल्यामुळे असेल, तिला बोलता यायचं. वर्गात तिच्या बाकावर आता कुणी बसत नाही, म्हणाली. "हं." जिवाभावाच्या मैत्रिणीनेच तिचा एक फोटो सगळ्यांना पाठवला आणि पोरी त्यावर काहीबाही लिहून हसतात, म्हणाली. "हं." झोप लागत नाही, म्हणाली. टाचणीने तिला खांद्याला धरून वळवलं, "हं," आणि मागची बाजू बेतायला घेतली.

मग ऐन उन्हाळ्यात थोरलीने लांब बाह्या मागितल्या. मुलीला आपसूक मर्यादा कळायला लागली, याचं टाचणीला कौतुकच वाटलं. तिने मनगटाशी घट्ट बटणं लावून सुरेख बाह्या शिवल्या.

नवरा बाटल्या भरायच्या कारखान्यात होता. दिवसभर यंत्राच्या खडखडाटात राहून घरीही मोठ्यानेच बोलायचा. थोरलीला चाचणीत मार्क कमी पडले तेव्हा जेवताना म्हणाला, "राणीसरकारांनी नुसतं बसून खायचं, डोकं धाकटीने चालवायचं." सगळे हसले. थोरलीही हसली.

आणि एका दुपारी थोरली आपला बाटलीहिरवा ड्रेस घेऊन आली. वाढदिवसाला टाचणीने हौसेने शिवलेला. त्याला कुणी हात लावला तर थोरली घर डोक्यावर घ्यायची. तोच आईपुढे ठेवून म्हणाली, "हा धाकटीला बसवून दे. मला नाही लागणार आता." आणि आत निघून गेली.

पोर शहाणी झाली म्हणून टाचणी खूश. तिने धाकटीला स्टुलावर उभं केलं, ड्रेस चढवला, ओठांत टाचण्या धरल्या आणि खांदा बेतायला लागली. धाकटीच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. ताईने क्लिपाही दिल्या. रंगपेटीही दिली. म्हणाली, आता तू मोठी, आईला त्रास नाही द्यायचा.

टाचणीचा हात खांद्यावरच थांबला.

असंच एक कापड तिच्या हातात आधी आलं होतं. ती शिवण शिकत होती तेव्हा तिच्या दादाने आपला आवडता कोट तिला दिला होता. मला नाही लागणार आता, असंच म्हणाला होता. तो कोट तिने उसवून आपल्या मापाचा केला. तिचं पहिलं मोठं काम. घरादाराने वाहवा केली, दादानेही. त्याच आठवड्यात दादा गेला. घरात त्याला अपघात म्हणायचं ठरलं. सगळे तसंच म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तिने धाकटीला शेजारी पाठवलं. आत गेली. थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. टाचणी तिच्याजवळ बसली, बोलायला गेली, तेव्हा कळलं की टाचण्या अजून ओठांतच आहेत. तिने त्या एकेक काढून पदराला टोचल्या.

"तुझ्या मनात मरायचं येतं का गं?"

भिंतीकडूनच आवाज आला, "हं."

आईकडून शिकलेलं, तसंच, तोंड न उघडता. टाचणी रडली नाही, रागावली नाही. तिने विचारलं, कधीपासून. थोरलीने उत्तर म्हणून बाहीची बटणं सोडली आणि हात पुढे केला. टाचणीने तो हात मांडीवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. दारात गिऱ्हाइकं येऊन हाका मारून परत गेली.

नवरा आला आणि ऐकून म्हणाला, ही या वयाची नाटकं, बाहेर बोललीस तर पोरीच्या कपाळी कायमचा शिक्का बसेल.

"माझ्या दादाच्या वेळीही घरचे असंच म्हणाले होते," ती म्हणाली. "त्याला अपघात झाला नव्हता."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला हे ठाऊक नव्हतं. तो बूट न काढताच खाली बसला. मुलीकडे बघायचं त्याला जमत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाला, सकाळी मीही येतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थोरलीशी एकटीशी बोलून घेतलं, मग सगळ्यांना आत बोलावलं. घरात पूर्वी कुणी असं केलं होतं का, त्यांनी विचारलं. टाचणीने दादाचं सगळं सांगितलं, कोटासकट. थोरली मान वळवून आईकडे बघत राहिली. परत येताना वाटेत तिने एवढंच विचारलं, "मामा कसा होता?"

औषधं सुरू आहेत, दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे जाणं आहे. नवऱ्याचे जेवतानाचे टोमणे बंद झालेत. त्याला दुसरं काय बोलावं ते अजून सुचत नाही. शाळेतल्या पोरींचं अजून मिटलेलं नाही. काही दिवस बरे जातात, काही दिवस थोरली उठतच नाही, आणि टाचणी मशीन बंद ठेवून तिच्याजवळ बसते. टाचण्या आता मनगटाला बांधलेल्या उशीत असतात. काम हळू होतं, बायका कुरकुरतात.

हिरवा ड्रेस खिळ्याला होता. माझा ड्रेस कधी देणार, म्हणून धाकटीने पिच्छा पुरवला तेव्हा टाचणीने खांद्यावरच्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "तुला नवा शिवेन. हा तिचा आहे." ड्रेस तिने थोरलीच्या कपाटात नेऊन टांगला.

थोरलीने अजून तो घातलेला नाही. स्कर्टच्या कमरेतली मायाही तशीच आत आहे. ती टीप उसवायची वेळ अजून आलेली नाही.