रुमालाखालचा हात
सुपारीला बुरशीचा वास आला की मला रेवदंड्याचा तो बाजार आठवतो, जिथे व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. मी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. "धर्म बाजारातही दिसला पाहिजे, भाव उघड बोल," असं पाद्रीबाबांनी बजावलं होतं, म्हणून मी माझ्या सुपारीचा भाव मोठ्याने सांगितला. "आरं, बाजार हाय ह्यो, देऊळ न्हाय!" म्हणत दलाल हसले आणि पुन्हा माझ्याकडे फिरकले नाहीत. एकट्याने उभा केलेला धंदा बसला, सुपारी बुरसली. पुढे चर्चच्या वाडीतले नारळ विकायला पाद्रीबाबा स्वतः आले आणि त्यांनी सरळ रुमालाखाली हात घातला. मी भडकलो. "बाजाराची रीत असते, बाळा," ते म्हणाले. आजही चर्चमध्ये त्यांच्याकडून प्रसादाची पवित्र भाकर घेताना सगळे जण रीतीप्रमाणे वेदीपुढच्या कठड्यावरच्या पांढऱ्या कापडाखाली हात धरतात. माझे हात बाहेरच राहतात.