हळद लागलेली सीडी

वरकुट्याच्या प्रियदर्शनीचा राग घरात सगळ्यांना ठाऊक होता. आई म्हणायची, ही जन्मली तीच भांडत. पण शुक्रवारी संध्याकाळी इंदापुरातल्या सर्जेतात्यांच्या कंप्युटर क्लासातून ती बाहेर पडली, तेव्हाचा राग घरच्यांनीसुद्धा कधी पाहिला नव्हता. एसटीत खिडकीशी बसून तिनं दात असे आवळून धरले होते, की शेजारच्या बाईनं विचारलं, "दाढ दुखती का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "डोकं."

डोकं दुखायला कारणही तसंच होतं.

सर्जेतात्यांचा क्लास म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि सहा मशिनी. तात्या उसाचे बागायतदार. कंप्युटरमधलं त्यांना कळायचं ते एवढंच, की बटण दाबलं की उजेड पडतो. शिकवायचं सगळं प्रियदर्शनीनं. तिनं बारामतीला डिप्लोमा केलेला, वर्गात दुसरी आलेली. १९९९ सालच्या श्रावणात तिनंच तात्यांना सांगितलं, की लिनक्स नावाची सिस्टीम आलीय, मासिकाबरोबर तिची सीडी मिळते, चोरीची कॉपी घालायला नको, आणि इंदापुरात ती कुणीच शिकवत नाही. तात्यांना त्यातलं 'कुणीच शिकवत नाही' तेवढं भलतंच आवडलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली पाटी लागली, 'इंदापुरात प्रथमच'. पहिली बॅच दसऱ्यानंतरच्या शनिवारी, सकाळी दहाला.

दसऱ्याच्या आधी तिनं एकदा सगळं बसवून बघितलं होतं. सहा मशिनीत सीडीचा ड्राइव्ह एकाच मशिनीला, म्हणून सुरुवात तिथूनच. अर्ध्या-पाऊण तासात सिस्टीम बसली. फक्त डिस्कची वाटणी मनासारखी झाली नव्हती, म्हणून परत आल्यावर पुन्हा बसवू असं ठरवून, सीडी ड्राइव्हमध्येच ठेवून ती आईवडलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. आजा छप्पन साली तिथं उभा होता, तेव्हापासून दर दसऱ्याला घरातलं कुणीतरी जायचंच, हा नेम.

गुरुवारी ती परत आली, आणि तीच सीडी, तीच मशीन, तेच हात असून काम अडलं. निळ्या पडद्यावरची पट्टी पुढं सरकायची, बसत चाललेल्या एकेका प्रोग्रामचं नाव यायचं, आणि मध्येच पट्टी थांबायची. ड्राइव्ह घरघरायचा, त्याचा दिवा लुकलुकायचा, पट्टी मात्र जागची हलेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, पुन्हा थांबायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत सात वेळा झालं. तिनं मेमरी काढून घातली, डिस्क पुसून कोरी केली, केबल बदलली. काही म्हणजे काही नाही.

तात्यांनी बारामतीहून पुतण्याला बोलावलं. ऋषिराज मोटरसायकलवर आला, गॉगल कपाळावर चढवून तासभर बसला. त्याच्याच्यानंही होईना, तेव्हा म्हणाला, "सीडी भंगार आहे. फुकटचं ते फुकटचंच."

"मग आठ दिवसांपूर्वी हीच सीडी कशी चालली?" प्रियदर्शनी म्हणाली. "सीडीत न्हाई, बहुतेक ड्राइव्हमध्ये..."

"नाचता येईना अंगण वाकडं!" तात्या गरजले. खोलीत पोरांच्या चौकशीला आलेले चार पालक बसले होते. त्यांच्याकडं वळून तात्या बोलायला लागले. "आवो, खंडेनवमीला सहाच्या सहा मशिनींची पूजा मी सवताच्या हातानं केली. एक सोडली न्हाय. आन ज्यांनी करायची ते गेलं नागपूरला. सवलतीवर मिळालेल्या कागदानं मशीन चालत नसती, मॅडम. उद्या दहाला चालू झाली तर ठीक, न्हाय तर सोमवारपास्नं हितं ऋषिराज बसंल."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. चार लोकांत! तीन वर्षं ज्या बाईनं ह्यांचा क्लास पाठीवर वाहिला, तिला चार लोकांत हे ऐकवायचं! आणि वर्गात दुसरी आलेलीचा कागद सवलतीचा, तर दोनदा बसून तिसऱ्यांदा पास झालेल्या ऋषिराजचा कशाचा म्हणायचा? तोंडाशी आलं होतं सगळं. पण मशीन बंद होती. बंद मशिनीशेजारी उभं राहून बोललेलं कुणी ऐकून घेत नाही, म्हणून ती पर्स उचलून बाहेर पडली.

घरी वडील जेवायला बसले होते. धोंडीबा म्हणजे एसटीच्या डेपोत सव्वीस वर्षं मेकॅनिक. लेकीनं ताटाला हात लावला नाही, नुसती बोलत सुटली. तात्याच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या. धोंडीबांनी सगळं ऐकून घेतलं.

"शिव्या दे. द्यायलाच पायजेत," ते म्हणाले. "पर तात्याला. मशिनीला न्हाई. बंद पडली ती रोज एकाच जाग्यावर पडती का येगयेगळ्या?"

प्रियदर्शनी थांबली. तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. एकदा एकशेबाराव्या नावावर, एकदा सत्त्याऐंशीव्या, एकदा पार एकशेचाळीसाव्या.

"येगयेगळ्या."

"सीडीला चरा पडला आसता तर?"

"तर एकाच जागी अडली असती. चरा काय जागा बदलत न्हाई."

"मंग? तू नव्हतीस तवा तिच्यापाशी कोन बसलं हुतं ते इचार. काल चालनारी गाडी आज बंद पडती, तवा मधी कुनाचा तरी हात लागल्याला आसतो. जेव आता."

शनिवारी पहिल्या गाडीनं ती इंदापूरला पोचली, तेव्हा खोल्या झाडायला येणारी छबूबाई नुकतीच कुलूप काढत होती. प्रियदर्शनीनं सीडी काढली, उजेडात धरली, आणि खालची बाजू पांढऱ्या रुमालानं पुसली. रुमालावर पिवळा पट्टा उठला. तिनं नाकाशी नेला. हळद!

ड्राइव्हचे चार स्क्रू काढून तिनं वरचा पत्रा उचलला. आत सीडी वाचणाऱ्या काचेच्या मुगाएवढ्या डोळ्यावर कुंकवाचा थर, भोवती हळद, कोपऱ्यात तीन अक्षता आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. फिरत्या सीडीनं ते सगळं आत घुसळून काढलं होतं. दोन दिवस ती ज्याच्याशी झुंजत होती ते हे होतं, आणि ह्याच्यासाठी तिला सवलतीचा कागद ऐकून घ्यावा लागला होता!

"कुणी केलं हे?" ती ओरडली. "कुठल्या शहाण्यानं?"

छबूबाई झाडू टाकून जवळ आली.

"म्याडम, तुमची मशीन हुती ना ती," छबूबाई चाचरत म्हणाली. "तात्यांनी पयल्या मशिनीला फूल वाह्यलं आन फोन आला म्हून गेलं ते गेलंच. बाकीच्या मीच पुजल्या. तुमची पुसाया गेले तर बटन दाबलं गेलं आन ती ताटली बाहेर आली. मला वाटलं, मशिनीनंच हात पुढं केला. म्हून तीवर हळद-कुकू वाह्यलं आन बटन दाबलं, गेली आत."

"अगं पण माझ्या मशिनीची पूजा करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाय. तुमच्यात करत न्हाईत, ठावं हाय मला. पन समद्या मशिनींची व्हायची आन तुमची तेवढी ऱ्हायची? बरं दिसंना मला ते." तिनं पदर तोंडाला लावला. "तात्या ठिवायचं न्हाईत मला आता."

झालं! दोन दिवसांचा राग, आणि ज्याच्या डोक्यावर आपटायचा ते डोकं हे निघालं. ह्या खोल्यांत प्रियदर्शनी आली त्या पहिल्या दिवशी तिला जातपात न विचारता सगळ्यांच्याच कपात चहा ओतला असेल तर एकट्या छबूबाईनं. म्हणून राग गेला असं नाही. उलट जास्तच भडकला, पण त्याला आता नीट पत्ता मिळाला. तिनं छबूबाईला मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणायला पिटाळलं.

"आन तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तात्यांपुढं एक शब्द न्हाई."

सव्वानऊला पट्टी पुन्हा सरकायला लागली. सत्त्याऐंशी गेलं. एकशेबारा गेलं. पावणेदहाला पोरं आली, कालचे चारी पालक आले, तात्या पांढराशुभ्र शर्ट घालून ऋषिराजला घेऊनच आले. एकशेचाळीस कधी गेलं हे तिनं बघितलंही नाही. दहाला पाच कमी असताना मशीन बंद होऊन आपोआप सुरू झाली, अक्षरं सरसर वर गेली आणि काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ उभी राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा! मी म्हनलं नव्हतं?" तात्या पालकांना म्हणाले. मग तिच्याकडं वळले. "काय घावलं?"

प्रियदर्शनीनं रुमाल टेबलावर उलगडला. हळद, कुंकू, तीन अक्षता, पाकळी.

ऋषिराज वाकून बघायला लागला आणि फिस्सकन हसला. "ड्राइव्हमध्ये? च्यायला, कुठल्या अडाण्यानं घातलं हे?"

"व्हय, कोन हाय ते नाव सांग," तात्या तापले. "आत्ताच्या आत्ता हाकलतो!"

दाराशी छबूबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"पूजा कुणी केली होती, तात्या?" प्रियदर्शनीनं विचारलं. "काल सांगत होता की ह्या चौघांना. सहाच्या सहा, सवताच्या हातानं, एक सोडली न्हाई."

पालकांनी एकमेकांकडं बघितलं. ऋषिराजचं हसू कुठल्या कुठं गेलं. नाही म्हणावं तर काल थाप मारली असं होतं, हो म्हणावं तर अडाणी कोण ते ठरत होतं.

"केली... मीच केली," तात्या म्हणाले. "बरं, झालं ते झालं. चालू झाली ना मशीन? घ्या शिकवायला."

"न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तो थरथरला तर थरथरू दे असं तिनं ठरवलं होतं. "काल माझ्या कागदाला बोललात ते चौघांत बोललात. माघारी घ्यायचं तेपण चौघांत. तोवर मी खडू हातात घेत न्हाई."

बारा पोरं दोघांकडं बघत होती. तात्यांनी पुतण्याकडं बघितलं. पुतण्या गॉगल पुसत होता.

"चुकलं माझं," तात्या पुटपुटले.

"मागं ऐकू गेलं न्हाई, तात्या. काल तुमचा आवाज पार खाली खताच्या दुकानात गेला होता."

तात्या पुन्हा बोलले. ह्या वेळी दाराशी उभ्या छबूबाईलाही ऐकू गेलं.