कॉटखालचा डबा

राठोड सिस्टर वॉर्डात आल्या की आधी पेशंटकडे बघत नसत, कॉटखाली बघत. तिथल्या पिशवीत डबा सापडला की तो उचलून थेट आपल्या टेबलावर नेऊन ठेवत. हिंगोलीच्या त्या दवाखान्यात दुर्बिणीने आतडी तपासणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत, आणि त्याआधी पेशंटचं पोट साफ करून घ्यायचं काम सिस्टरांचं. "पोट म्हंजी हीर," त्या प्रत्येकाला ऐकवत. "पानी गढूळ असलं तर तळ दिसंल का?"

माझ्या आप्पांना कितीतरी दिवस रक्त पडत होतं. मूळव्याध आहे म्हणत त्यांनी झाडपाल्यावर वेळ काढला. शिरड शहापूरहून त्यांना दवाखान्यापर्यंत आणताना माझ्या नाकी नऊ आले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी नेमकी एकादशी आली. खायचं काही नाही, फक्त निवळ पाणी आणि पावडरचं औषध, असं सिस्टरांनी बजावलं होतं. माय म्हणाली, उपास काय आम्हाला नवा आहे? संध्याकाळी मी चहाला खाली उतरलो, तेवढ्यात तिने पदराआड डबा धरून आप्पांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी चारली.

सकाळी सिस्टर स्वतः संडासात डोकावून आल्या. याची त्यांना कधी किळस नसे.

"मावशी, हे दाणे कुठून आले?"

माय गांगरली. "उपासाचंच दिलं बाई. एकादशीला अन्न चारीन का म्या?"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "देवाचा उपास येगळा अन् दुर्बिणीचा येगळा, माय माझी!"

डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. आप्पांनी तर चपला पायात सरकवल्याच. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सर, हे बाबा आज गेले तर परत येणार न्हाईत. त्यांना शेवटचा नंबर द्या. पोट साफ करून द्यायचं माझ्याकडं लागलं." डॉक्टरांनी क्षणभर आप्पांच्या पायांतल्या चपला पाहिल्या आणि आणखी किती औषध द्यायचं ते सांगितलं.

मग सिस्टर स्टूल ओढून आप्पांसमोर बसल्या. ते खारट औषध त्यांच्या घशाखाली उतरेना.

"काहून छळून राहिली मला?" आप्पा खेकसले.

"छळूनच राहिले. प्या."

ग्लास रिकामा होईपर्यंत त्यांची नजर हलत नसे. आप्पांनी शिव्या घातल्या, त्याही त्यांनी ऐकून घेतल्या आणि पुढचा ग्लास भरला. दुपारी संडासातून बाहेर येत त्या अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नितळ!"

दुर्बिणीत गाठ दिसली. वेळेत दिसली. नांदेडला ऑपरेशन झालं, आणि आप्पा आज फवारणीवरून गड्याशी कडाकडा भांडतात. ते भांडण ऐकलं की मला सिस्टरांच्या पाया पडावंसं वाटतं.

पेशंटकडून त्या चहासुद्धा घेत नसत. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी आम्ही तिघं त्यांना भेटायला गेलो. मायने पिशवीतून तोच डबा काढला. आत भगर आणि आमटी होती. सवयीने सिस्टरांनी तो उचलला, टेबलापर्यंत नेला, आणि मग खुर्चीत बसून बोटं चाटून सगळं खाल्लं.

रिकामा डबा त्यांनी आप्पांपुढे तिरपा धरला. "बघा बाबा, तळ दिसून राहिला का?"

आप्पांनी वाकून पाहिलं. "व्हय," म्हणाले, आणि डोळे पुसायला खांद्यावरचं उपरणं चाचपू लागले.