आषाढातला ब्याक

परवा रविवारी आमच्या घरात गंमत झाली. नातवाचे मित्र फुटबॉलची मॅच बघायला जमले होते आणि एका ब्याकवरून भांडण जुंपलं. ही मुलं त्याला डिफेंडर म्हणतात... आमच्या वेळी ब्याकच.

एक म्हणे, त्याचं मन लागत नाही, विकून टाका, दुसरा आणा. दुसरा म्हणे, थांबा की जरा. मी शेंगा फोडत बसले होते, मला हसू आवरेना... कारण असाच एक ब्याक काढायला निघाले होते सोलापूरकर. तो म्हणजे या नातवाचे आजोबा.

उजनी धरणाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. वैशाखात माझं लग्न झालं. माहेर दुधनी, सासर सोलापूर. हे मिलच्या टीममध्ये ब्याक. तेव्हा खेळाडू विकत नसत हो, मिल त्यांना कामाला लावायची. हे बदलीवर होते, म्हणजे कोणी रजेवर गेला तरच त्या दिवशी काम. सीझन चांगला खेळलास तर कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. टीममधून काढलं की तो शब्दही गेला.

संसाराची भांडी जेमतेम मांडून झाली आणि आषाढ लागला. नव्या नवरीनं पहिल्या आषाढात सासूचं तोंड बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. झालं, माझी रवानगी दुधनीला... आईच्या हातचं खाऊन माझे गाल वर आले, पण इकडे सोलापुरात काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

एके दिवशी बसण्णाकाका आमच्या ओसरीवर येऊन बसले. सोलापुरात सात रस्त्याला त्यांचं तेलाचं दुकान, शेंगा माझ्या वडलांकडून न्यायचे. माणूस फुटबॉलचा इतका वेडा की मॅचच्या दिवशी दुकानाला कुलूप. माझ्या लग्नाला यायचं त्यांचं राहून गेलं होतं, म्हणून जावई कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"पाटील, दुधनीत एक पोरगा लई दांडगा खेळतो म्हणं. त्याला बघायला आलोय," काका म्हणाले. "आमचा ब्याक बिघडलाय. मैदानाच्या कडंनं रेल्वे जाती की... हिकडनं गाडी आली का गडी मान वळवून बघत बसतो. परवा तेवढ्यात गोल झाला."

"गाडीत काय हाय बघण्यासारखं?" वडील म्हणाले.

"रेल्वेच्या टीमनं फोडला असंल, दुसरं काय? दुकानात रोज ह्याच्यावरच भांडण. निम्मे म्हणत्यात ठेवा, निम्मे म्हणत्यात हाकला. मी हाकलाच्या बाजूला."

मी आत भाकरी थापत होते. हात पिठातच राहिला. दुधनीकडून येणारी गाडी... आणि गाडीकडे बघणारा ब्याक... मला सगळं कळलं. नवी नवरी, बाहेर परका माणूस, पण तोंडातून निघूनच गेलं.

"काका, ब्याक बिघडला न्हाय. आखाड पाळतोय."

वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "जावई हायती आमचे." काका आधी डोळे मोठे करून बघत राहिले, मग हसून हसून त्यांना ठसका लागला. "आनि आमी रेल्वेवाल्यांना शिव्या घालतोय की!"

पण हसून भागणार नव्हतं. रविवारी मोठी मॅच होती, ती हातची गेली तर साहेब यांना काढणार होते. आषाढ तर सरायचा होता. काकाच म्हणाले, "सासूचं तोंड बघायचं न्हाय, एवढंच न्हवं? मग माझ्या घरी ऱ्हाऊ दे तिला. मैदानावर सासू कुटं येती?"

आईनं बराच विचार केला आणि मला पाठवलं. बारीक पाऊस होता. मी आणि काकू, म्हणजे बसण्णाकाकांची बायको, एका छत्रीत मैदानाच्या कडेला उभ्या राहिलो. यांना काहीच सांगितलं नव्हतं. यांनी मला बघितलं आणि खांबासारखे उभेच राहिले... समोरचा गडी बॉल घेऊन बाजूनं निघून गेला. काकांनी कपाळावर हात मारला. नशीब, बॉल बाहेर गेला.

त्यानंतर मात्र यांनी कोणाला पुढं जाऊ दिलं नाही. मग दुधनीकडून गाडी आली, शिट्टी झाली. सगळी माणसं बॉल सोडून यांच्याकडे बघायला लागली. यांनी मान वळवली नाही.

तेवढ्यात काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "छत्री खाली घे, तुझी सासू हाय." सासूबाई जन्मात कधी मैदानावर आल्या नव्हत्या. पोराला काढणार हे कानावर गेलं, तशा आल्या. मी झटकन छत्री तोंडापुढं धरली. कडेखालून बघते तर त्यांनीही आपली छत्री खाली घेतलेली... बाकीची मॅच आम्ही दोघींनी अशीच बघितली, अर्धी छत्री अर्धं मैदान.

मॅच जिंकली. मग माणसांच्या हातातून एक डबा माझ्यापर्यंत आला, आत शेंगापोळ्या. वर सासूबाईंचा निरोप, "आखाड सरला की पहिल्या गाडीनं ये म्हणावं. हे ध्यान घरात बी दारातच उभं असतंय."

हे कायम झाले, त्याच मिलमध्ये पुढं कितीतरी वर्षं काढली. परवा मुलांनी विचारलं, "आजोबा, खरंच गाडीकडे बघायचात?" हे पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "डबे मोजत होतो." कान मात्र लाल झाले होते... या वयात.

सासूबाई आता नाहीत. पण छत्रीखालून दिसलेले त्यांचे चिखलानं भरलेले पाय अजून डोळ्यांपुढं येतात. तोंड बघायचं नव्हतं, म्हणून मी पायच बघितले... मनातला नमस्कार तिथंच झाला माझा.