किल्लेदारणीची नणंद

मासळीच्या लिलावात तिचा आवाज धक्क्याच्या पार टोकापर्यंत जायचा, म्हणून सगळे तिला ‘तोफ’ म्हणायचे. नवराही म्हणायचा, पण ती घरात नसताना. पुढे लिलाव यंत्रावर गेला, पाटीवर आकडे झळकू लागले आणि तोफ घरी बसली. बोटींची इंजिनं दुरुस्त करून दमलेल्या नवऱ्याला रोज संध्याकाळी लिलावाचा आवाज घरातच ऐकू यायला लागला. तेवढ्यात बंदराच्या तोंडावरच्या जुन्या किल्ल्यातला वाटाड्या घशाच्या दुखण्याने निवृत्त झाला. ही जागा बायकोसाठी मागायला नवरा स्वतः कचेरीत गेला.

जुन्या वाटाड्याने बसक्या आवाजात तिला किल्ल्याचा इतिहास शिकवला. तो एका दुपारीच संपला. किल्ला मध्ययुगातला, जहाजांकडून जकात वसूल करायला बांधलेला. समोरासमोरच्या दोन बुरुजांमध्ये जाड लोखंडी साखळी असायची. जकात दिली की साखळी खाली, नाही दिली की वर. शत्रूचं आरमार दोन-तीनदा चालून आलं. दरवेळी किल्लेदाराने जहाजं पाहिली, जेवण उरकलं आणि दरवाजाच्या चाव्या देऊन टाकल्या.

“मग लढाई कुठे झाली?” तोफेने विचारलं.

“झालीच नाही. म्हणून तर भिंती धड आहेत.”

आता हे लोकांना काय सांगायचं? पाहुणे जकातीपर्यंत कसेबसे उभे राहत, साखळीपाशी जांभया देत आणि किल्लेदार जेवायला बसला की सावली शोधायला निघून जात.

महादरवाजावर एक दगडी तोंड होतं. आ वासलेलं, भुवया चढवलेलं. तटावरचं पाणी त्यातून खाली पडावं, एवढंच त्याचं काम. एके दिवशी एका नव्या नवरीने विचारलं, “हे कोण हो?” आदल्याच संध्याकाळी तोफेची थोरली नणंद घरी येऊन, फळीवर बोट फिरवून, ते बोट उजेडात धरून गेली होती. ही नणंद वसतिगृहात मुलींवर देखरेख करून निवृत्त झालेली. शिस्त तिच्या हाडीमाशी भिनलेली.

“ही किल्लेदारणीची नणंद,” तोफ बोलून गेली. आणि जिभेला हाड नसल्यामुळे पुढचंही बोलली. आरमार आलं, भाऊ जेवायला बसला, तेव्हा ही बाई तटावर चढली. आधी शत्रूच्या सरदाराच्या दाढीला नावं ठेवली, मग मळक्या शिडांना, मग त्याच्या आईने लावलेल्या वळणाला. ओहोटी लागली तरी तोंडाचा पट्टा थांबेना. शेवटी शत्रूने नांगर उचलले.

नवी नवरी हसून हसून दरवाजाला टेकली. मग काय, गावोगावच्या सुना त्या तोंडाखाली फोटो काढायला येऊ लागल्या.

“ताईच्या कानावर गेलं तर?” नवरा म्हणाला.

“मी कुठे नाव घेतलंय?”

एका रविवारी मैत्रिणींचा घोळका घेऊन नणंद स्वतःच पहिल्या रांगेत येऊन उभी राहिली. तोफ दरवाजा गुपचूप ओलांडणार होती, पण एका मैत्रिणीने वर बोट दाखवलंच. सुटका नव्हती, गोष्ट सांगावीच लागली. सगळे पोट धरून हसले. नणंदेच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

“म्हणजे किल्ला वाचवला तो नणंदेने.”

“हो, वन्सं.”

“मग त्या वेळी वहिनी कुठे होती?”

तोफ तोंड उघडणार, तेवढ्यात नणंदच लोकांकडे वळून म्हणाली, “पलंगाखाली.”

त्या दिवसापासून ती दर रविवारी यायला लागली. तिच्या गोष्टीत वहिनी पलंगाखालून निघून दागिन्यांच्या पेटीत लपली. तोफेने उलट सांगितलं, की जाताना माझ्या बहिणीलाही घेऊन जा म्हणून किल्लेदार शत्रूच्या पाया पडला होता. दोघींचं ऐकायला ही गर्दी लोटली. बोभाटा पुरातत्त्व खात्यापर्यंत गेला आणि एक किडकिडीत साहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं, हसून हसून डोळे पुसले आणि विचारलं, “यातलं खरं किती?”

“साखळी,” तोफ म्हणाली.

“आणि जेवण,” नणंद म्हणाली.

साहेबांनी हुकूम दिला: यापुढे फक्त खरं. पुन्हा जांभया सुरू झाल्या. नणंदेला ते सहन होईना. ती तडक कचेरीत गेली. “खरं आधी सांगू. मग खोटं सांगू, पण खोटं आहे असं बजावून. माणसं काय दूधखुळी आहेत?” साहेबांनी थोडे आढेवेढे घेतले आणि कबूल केलं.

वाटणी झाली. दरवाजाबाहेरच्या चौकापर्यंतचं खरं तोफेकडे. दरवाजापासून नणंद. ती हात वर करून सांगते, “इथून पुढे सगळं खोटं,” की पेंगणारे लोक टवटवीत होऊन पुढे सरकतात. तोफेला ते भारी झोंबलं. तिने आपला इतिहास पुन्हा उलटसुलट करून पाहिला. लढाई नव्हती, राणी नव्हती, होता तो जेवणारा किल्लेदार. तो इतक्या निवांतपणे का जेवला असेल?

हल्ली ती चौकात थांबते आणि लिलावात कधी निघाला नसेल एवढ्या हळू आवाजात म्हणते, “चाव्या दिल्या म्हणून लोक त्याला भित्रा म्हणतात. पण एकदाही या बंदरात कुणाच्या घरचं माणूस गेलं नाही.”

ऐकायला लोक जवळ येतात. मग कुणीतरी काही विचारतं, ती सांगत बसते आणि दरवाजापाशी ताटकळलेली नणंद ओरडते, “वहिनी, आटप आता. माझी माणसं उन्हात आहेत.”