दत्ता पेंटर आणि ‘कदाचित’चा रंग

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, एका बैठकीत होते. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, तरी मी उचलला नाही. दुपारी जेवताना लावला. “ताई, आमचं मालक गेलं,” त्या म्हणाल्या. “परवा. आज रक्षाविसर्जन झालं.” काविळीचं निमित्त झालं होतं. मला आधी का नाही कळवलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमी कामात असता. मालकच म्हनायचं, ताईंना उगं तरास नको.” त्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. त्याला आता सहा आठवडे होतील.

वहिनींच्या मालकांना, आष्ट्याच्या दत्तात्रय माळ्यांना, सगळा भाग दत्ता पेंटर म्हणून ओळखायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आलं आणि ते काम गेलं. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवत होते, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या दाराची पाटी रंगवायला ते आले. पाटी सुकेपर्यंत टेबलावरच्या मातीच्या बरण्या बघत उभे राहिले. वर पांढरी पूड आलेल्या एका बरणीपाशी थांबून म्हणाले, “ही आमच्या खालच्या पट्टीतली वाटती.” त्यांच्या वडिलांची पाऊण एकर जमीन क्षारपड झाली होती. उसाला पाणी पाजून पाजून खालचं मीठ वर आलं, हे मी त्यांना समजावलं. माझा प्रबंध त्यावरच होता. त्यांनी तो जाड ग्रंथ हातात घेऊन तोलून बघितला. “ताई, ह्यो कोन वाचनार वो?” मी म्हणाले, दोघांनी वाचलाय, परीक्षकांनी. ते हसले नाहीत. म्हणाले, “म्हंजे आमच्या वडलांनी न्हाईच.”

पुढच्या आठवड्यात ते मांजरपाटाच्या कापडाचा एक लांब पट्टा गुंडाळी करून घेऊन आले. त्यावर पुरुषभर उंचीचा जमिनीचा छेद काढलेला. वर उसाची मुळं, खाली चढत आलेलं पाणी, आणि पाण्याबरोबर वर सरकणारं मीठ. माझ्या प्रबंधातल्या आलेखांत होतं तेच, पण बघता येण्यासारखं. आम्ही तो पट्टा त्यांच्या गावाजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात टांगला. एक म्हातारे गृहस्थ छत्रीच्या टोकानं पाण्याची रेघ दाखवत म्हणाले, “वीस वरसं सगळी सांगत्यात, चर काढा, चर काढा. कशाला काढायचा, ते आज दिसलं.” परतताना दत्ता पेंटर मोटारसायकल चालवता चालवता मागं न बघता म्हणाले, “ताई, ह्याचा धंदा करू या की.”

तसा आमचा धंदा सुरू झाला. सांगलीत बंद पडलेल्या एका गिरणीमागची खोली भाड्यानं घेतली आणि ‘पायाखाली चित्रशाळा’ ही पाटी त्यांनीच रंगवली. संशोधक आपलं काम घेऊन येत. मी ते वाचून साध्या मराठीत सांगे आणि दत्ता पेंटर प्रश्न विचारत. इतके प्रश्न, की एकदा द्राक्षांवरच्या रोगाचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक वैतागून मला बाजूला घेऊन म्हणाले, हे चित्र काढणार आहेत की माझी तोंडी परीक्षा घेणार आहेत? पण त्यांना स्वतःला कळल्याशिवाय ते कुंचला उचलत नसत. शिराळ्यात सर्पदंशावरचा पट्टा लावला त्या दिवशी लोक तासभर हलले नव्हते.

सगळ्यात अवघड काम आलं जतहून. तिकडं मेंढ्या कशानं तरी विषबाधा होऊन मरत होत्या. अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यक बाईंना तीन झाडांची खात्री होती, चौथ्याचा नुसता संशय होता. त्यांचा आग्रह होता, चौथ्याखाली ‘कदाचित’ असं लिहाच. दत्ता पेंटर म्हणाले, “ज्याला वाचताच येत न्हाई, त्याला ‘कदाचित’ कसं दावायचं?” मी म्हणाले, मग चौथं झाड गाळू. “गाळलं आनि तेच झाड खरं निघालं तर?” दोन दिवस ते खोलीत नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीन झाडं दाट रंगात भरली आणि चौथ्याला रंग इतका पातळ लावला, की खालच्या कापडाची वीण दिसत राहिली. जिथं खात्री नाही, तिथं रंग पातळ. जतच्या बाजाराच्या दिवशी एक धनगर बाई पट्ट्यापुढं उभी राहिली, कानडीत काहीतरी पुटपुटली आणि मग आम्हाला म्हणाली, “ही तीन खरी. ह्येचं अजून ठरलं न्हाई, व्हय?” परतीच्या वाटेवर कवठे महांकाळला चहाला थांबलो तेव्हा दत्ता पेंटर बशी खाली ठेवून एवढंच म्हणाले, “कळलं तिला.”

इथपर्यंतचं लिहायला मला जड गेलं नाही. पुढचं मात्र मी सहा आठवडे टाळते आहे.

आमच्या पट्ट्यांची पुस्तिका एका मोठ्या संस्थेनं काढायची ठरवली. साताऱ्यात त्या निमित्तानं माझं व्याख्यान झालं. दत्ता पेंटर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. पातळ रंगाची गोष्ट मी रंगवून सांगितली आणि सांगताना ‘आम्ही’ म्हणता म्हणता कधी ‘मी’ म्हणू लागले, ते माझ्या लक्षात आलं नाही... नाही, हे खरं नाही. लक्षात आलं होतं. टाळ्या पडत होत्या. नंतर ते जवळ येऊन म्हणाले, “लय भारी बोललात ताई.”

पुस्तिकेचा छपाईपूर्व मसुदा माझ्याकडे तपासायला आला. चित्रं संस्थेनं संगणकावर पुन्हा काढून घेतली होती. आत लिहिलं होतं, संकल्पना व पद्धत : माझं नाव. चित्रे : संस्थेचा कलाविभाग. मी फोन केला तर उत्तर मिळालं, नावं वाढवायची तर छपाई लांबेल, मॅडम. त्याच संस्थेच्या पुण्यातल्या जागेसाठी माझी मुलाखत झालेली होती. मी मसुद्यावर ‘ठीक आहे’ लिहून सही केली.

पुस्तिका त्यांनी गिरणीमागच्या खोलीत, उभ्यानंच चाळली. ते म्हणाले, “ताई, सगळाच रंग एकसारका झालाय. चौथं झाडबी दाट दावलंय. त्यांना सांगा, मानसं फसतील.” नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या ध्यानात आलं नसावं असं मी मनाशी ठरवून टाकलं, कारण तेच सोयीचं होतं. रंगाचं मी संस्थेला कळवलं, पण पुस्तिका तोवर वाटून झाली होती. महिन्याभरात मी पुण्याला गेले. खोली सोडली. ते देवळांच्या भिंती रंगवू लागले. वर्षातून एकदा त्यांचा फोन यायचा, नवं काही निघालंय का ताई, म्हणून. मी म्हणायचे, कळवते.

तेराव्याला मी आष्ट्याला गेले. वहिनींनी चहा दिला आणि पुस्तिका आणून समोर ठेवली. “हे आनलं त्या दिवशी मी इचारलं, तुमचं नाव कुटाय? तर म्हनाले, असंल मागं कुटंतरी.” त्या पदरानं पुस्तिकेची कड पुसत राहिल्या. “मग ते आंघोळीला गेल्यावर मीच बगितलं. मागंबी न्हवतं.” वहिनींनी दुसऱ्यांदा चहाचं विचारलं.

पुन्हा छपाई होणार नाही, असं संस्थेनं लेखी कळवलं आहे. पुस्तिका कुठं कुठं गेल्या, त्याची यादी मात्र मला मिळाली. आता सुट्टीच्या दिवशी मी एकेका वाचनालयात जाते, पुस्तिका मागून घेते आणि आत पेनानं लिहिते : चित्रे व पद्धत – दत्तात्रय माळी. चौथ्या झाडाखाली ‘कदाचित’ लिहिते. ह्यानं काय होणार, हे मला ठाऊक आहे. मेंढपाळ वाचनालयात येत नाहीत.

गेल्या शनिवारी जतला गेले होते. तिथल्या ग्रंथपालांनी मला लिहिताना पाहिलं आणि हटकलं, पुस्तकात लिहायचं नसतं मॅडम. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “असं असंल तर रीतसर करू.” त्यांनी दुरुस्तीची नोंद करायला वही काढली, शिक्का काढला आणि पेन उघडून विचारलं, “पूर्ण नाव सांगा. दत्तात्रय... वडलांचं नाव?”

इतकी वर्षं एका खोलीत काम केलं होतं. मला ते माहीत नव्हतं.

“थांबा,” मी म्हणाले, आणि बाहेर पायरीवर येऊन वहिनींना फोन लावला.